उन्हाळ्यात भाजीपाला फसला? हिवाळ्याचे वाफे असे आखा

एप्रिल-मे महिन्यात भेंडी पिवळी पडली, टोमॅटोची फुलं गळाली, आणि जे काही तगलं ते पावसाळ्यात तणाखाली गेलं. अशा परसबागेत गणपती उठले की बियाण्याची पाकिटं आणायची घाई सुरू होते. पाकिटं आठवडाभर थांबू शकतात. उन्हाळ्यात नेमकं काय बिघडलं ते आधी बघायचं, मग फेब्रुवारीत पाणी किती उरेल त्याचा अंदाज घ्यायचा, आणि भाज्या निवडायच्या त्या सगळ्यात शेवटी. इथली वेळापत्रकं पुणे, नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा अशा पठारी भागाची आहेत.

जुनी झाडं उपटा, मुळं धुऊन बघा

वांगी, मिरची, टोमॅटोची जुनी झाडं अजून उभी असतील तर ती कापू नका. खुरप्यानं माती सैल करून मुळासकट उपटा आणि मुळं पाण्यात धुवा. मुळं जागोजागी फुगून गाठी झाल्या असतील तर सूत्रकृमी आहेत, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. घेवडा, चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नखानं सहज सुटतात आणि उपयोगाच्या असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही. अशा वाफ्यात या हिवाळ्यात टोमॅटो, वांगी, गाजर, बीट काहीच नको. तिथे झेंडू लावा, आणि तो वाफाभर दाट लावा. कोपऱ्यात हौसेनं लावलेली दोन झाडं दिसायला छान असतात, सूत्रकृमींना त्यांचा काही फरक पडत नाही. झेंडू नको असेल तर लसूण लावा. सोबत मातीत निंबोळी पेंड, एका चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या असतील तर तो केवडा रोग. तो पांढरी माशी पसरवते आणि मातीत राहत नाही, त्यामुळे वाफा बिनधास्त वापरा. फक्त जुनी रोगट झाडं कुंपणाकडेला टाकून ठेवू नका.

टोमॅटोची फुलं गळण्याचं कारण बहुतेक वेळा ऊनच असतं. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरत नाही. त्यात मातीचा दोष नसतो आणि खताचाही नसतो. तरीही त्याच वाफ्यात पुन्हा टोमॅटो लावू नका. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एकाच घराण्यातले, त्यांचे रोगही सामाईक. त्यांच्या जागी मेथी, वाटाणा किंवा कोबी घ्या.

मातीवर पांढरा थर दिसत होता का? बोअरच्या खारट पाण्याचे ते क्षार. पावसानं बरेचसे धुऊन जातात, पण पाणी तेच असेल तर थर पुन्हा येणार. पालक आणि बीट खारेपण बरंच सोसतात. घेवडा, गाजर आणि कांदा सोसत नाहीत. शंका असेल तर चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासायला द्या. खत घालायच्या आधी द्या, नंतर नाही.

नोव्हेंबरच्या विहिरीवर विश्वास ठेवू नका

परतीचा पाऊस झाला की विहीर भरलेली दिसते आणि माणूस सगळी जागा पेरून मोकळा होतो. कोबी गड्डा धरायला लागतो किंवा लसूण पोसायला लागतो तेव्हा पाणी आटलेलं असतं. म्हणून हिशोब फेब्रुवारीचा करा.

समजा तुमच्याकडे २० फूट बाय २५ फूट जागा आहे, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या आसपास. त्यात ३ फूट रुंद आणि ९ फूट लांब असे १२ वाफे, मध्ये फूटभराच्या पायवाटा, बसतात. रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. असा एक वाफा अडीच चौरस मीटरचा होतो. थंडीत त्याला दिवसाला सरासरी ८ ते १० लिटर पाणी लागतं, फेब्रुवारीच्या शेवटी १५ लिटरपर्यंत जातं. म्हणजे सगळे वाफे भरलेले असतील तर तेव्हा रोजचे १८० लिटर. तेवढे नसतील तर जास्त दिवसांची पिकं तीन-चार वाफ्यांपुरतीच ठेवा आणि बाकीचे वाफे जानेवारीअखेर मोकळे होतील अशा भाज्यांना द्या. उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला दोन-तीन इंच अंथरला तर पाणी बरंच वाचतं.

काढणीपासून मागे मोजा

आखणीची माझी आवडती रीत म्हणजे भोगीची भाजी डोळ्यांसमोर ठेवून मागे यायचं. भोगी साधारण १३ जानेवारीला. त्या दिवशी घरचं गाजर हवं तर त्याला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणजे पेरणी १५ ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान. हरभऱ्याच्या सोलाण्यांचा हिशोबही जवळपास तोच. वांग्याला लावणीनंतर दोन महिने, त्याआधी रोपाला महिना-सव्वा महिना, म्हणजे बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टाकायला हवं. ते राहिलं असेल तर रोपवाटिकेतून तयार रोपं आणा.

बाकीच्यांचे दिवस असे धरा: मेथी २५ ते ३०, पालकाची पहिली कापणी ३० ते ३५, शेपू ४०, कोथिंबीर आणि मुळा ४० ते ४५, बीट ६० ते ७०, अर्केल जातीच्या वाटाण्याचा पहिला तोडा ६० च्या आसपास. नवलकोल लावणीपासून ४५ ते ५० दिवसांत, गोल्डन एकर कोबी ७० ते ८० दिवसांत. लसूण मात्र सव्वाचार महिने जागा अडवतो.

कांद्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लहान बागेत मोठा कांदा लावू नका. एका वाफ्यात १५०-१६० रोपं बसतात, चार महिने पाणी पितात, आणि काढणी होते तेव्हा बाजार नव्या कांद्यानं भरलेला असतो. त्यापेक्षा घरात कोंब आलेले बारके कांदे खोचा आणि दीड महिन्यात पात खा. लसणाला जागा द्यायला हरकत नाही, मधूनमधून पातही मिळते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात वाटाणा पेरायची घाई नको. त्याला फुलोऱ्यात थंडी लागते, दिवाळीच्या आसपास पेरला तर बरा येतो. मेथी, मुळा, कोथिंबीर दसऱ्यापासून चालतात.

कोकणात थंडी बेताची, तिथे फुलकोबीच्या मागे लागण्यापेक्षा लाल माठ, मुळा आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवरचा वाल जास्त भरवशाचा.

माती आणि पेरणी

पाऊस थांबल्यावर वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत होऊ द्या. काळ्या मातीत ओल्यात कुदळ घातली की ढेकळं होतात आणि ती हंगामभर फुटत नाहीत. मातीचा मुटका करून सोडला आणि तो भुगा झाला, की खणायला हरकत नाही. वाफ्याला घमेलंभर शेणखत, पण पूर्ण कुजलेलं. ताज्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते आणि गाजर-मुळ्याला फाटेही फुटतात.

मेथी संपूर्ण वाफ्यात एकदम पेरू नका. वाफ्याचे तीन भाग करा आणि दहा-बारा दिवसांच्या अंतरानं पेरा. नाहीतर एकाच आठवड्यात दहा जुड्या येतात आणि त्या शेजारी वाटाव्या लागतात. पालक, कोथिंबीर, मुळा यांनाही हेच लागू. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवून मग पेरा. गाजराचं बी बारीक असतं, ते वाळूत मिसळून ओळीत सोडा. तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत तीन-चार बोटं अंतर ठेवा. विरळणी करताना जिवावर येतं, पण दाट ठेवलेलं गाजर पोसत नाही.

कोबीची रोपं चार आठवड्यांची झाली की संध्याकाळी लावा, वाफ्यात दोन ओळी, ओळीत सहा रोपं. लगेच पाणी द्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा द्या. कोबी लावायच्या पंधरवडाभर आधी वाफ्याच्या कडेनं मोहरीची ओळ टाकून ठेवा. कोबीवर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग तिच्यावर अंडी घालणं पसंत करतो, मग अळ्या तिथेच वेचता येतात.

पुढची राखण

ढगाळ हवा आली की मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, येतो. तेव्हा पानं उलटी करून बघा. थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्यानं निघतो. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळ्यांची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण घाला आणि एकूण १० लिटर करून संध्याकाळी फवारा.

थंडीत पिकं पाण्याअभावी मरतात त्यापेक्षा जास्त वेळा जास्त पाण्यानं पिवळी पडतात. बोट दोन इंच खुपसून ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. अपवाद कडाक्याच्या थंडीचा. निफाडकडे पारा एक आकडी होतो तशी रात्र येणार असेल तर आदल्या संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली माती ऊब धरून ठेवते.

जानेवारी संपला की नवीन मेथी-पालक पेरणं थांबवा, ऊन वाढलं की ती लगेच फुलावर येतात. मोकळे झालेले वाफे खणून पाचटानं झाका. लसणाची पात पिवळी पडून मान टाकायला लागली की काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडा, आणि कोणत्या वाफ्यात काय होतं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात घराणी बदलताना ते लागेल.