रक्तवाढीच्या गोळ्या समजावताना या चुका टाळा

"गोळ्या रोज घेता ना?" हा प्रश्न आधी बंद करा. उत्तर "हो ताई" हेच येतं. नवीन सिस्टर कार्डावर टिक मारते आणि पुढच्या बाईला हाक मारते.

मीही तेच करायचे. सहाव्या महिन्यातली एक गरोदर बाई, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ८.४ ग्रॅम. एचबी कमी म्हणून दिवसाला दोन लाल, म्हणजे लोहाच्या, गोळ्या सुरू केल्या. महिन्याने एखाद्या ग्रॅमची वाढ दिसायला हवी, तर एचबी ८.५. मी तिला चारचौघींत बोलले, गोळ्या फेकतेस म्हणून. मग घरभेटीला गेले. गोळ्यांचे रिकामे पत्ते तिने नीट जपून ठेवलेले. बोलता बोलता तिने चहा गाळला आणि माझ्यासमोरच लाल गोळी अन् कॅल्शियमची गोळी चहाच्या एकाच घोटात गिळली. "तुम्हीच म्हणालात, दोन्ही चुकवायच्या नाहीत." चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. बोलणी तिने खाल्ली, चूक माझी होती.

आता मी विचारते, "काल गोळी कधी घेतलीस, कशाबरोबर?" कॅल्शियम जेवणाबरोबर, लाल गोळी जेवणानंतर दोन तासांनी, जमलं तर लिंबूपाण्यासोबत. लाल गोळीच्या आसपास चहा नको. मळमळत असेल तर जेवणानंतर लगेच घेऊ दे; पुस्तकी वेळेच्या हट्टापायी गोळीच सुटते.

काळी शी होणार हे पहिल्याच दिवशी सांगा. नाही सांगितलंत तर तिसऱ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात. सासूबाईंना तर समोर बसवूनच सांगा, कारण "बाळ काळं होईल" ही भीती तिथूनच येते. अंगी न लागलेलं लोह बाहेर पडतं, बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. मात्र शी डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

ॲसिडिटीचं औषध लाल गोळीबरोबर नको.

काल चुकली म्हणून आज दुप्पट नाही.

बीट-खजूर खुशाल खा, पण ८ वरचं एचबी त्याने ११ वर जात नाही. "ताई, एक सलाईन लावून टाका" म्हणणाऱ्यांनाही मी आधी "काल गोळी कधी घेतलीस, कशाबरोबर?" हेच विचारते.

एचबी ११ झालं की गोळ्या थांबवणाऱ्याही खूप. गरोदरपणात १८० दिवस, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज एक, हा हिशेब कार्डावर लिहूनच द्या.

आणि गोळ्यांचा पत्ता वरच्या फळीवर ठेवायला सांगा. रांगत्या पोराला ती लाल गोळी चॉकलेटच वाटते, आणि मूठभर गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.