बँकॉकला निघण्याआधी कार्डांचं तेवढं बघा

पासपोर्ट, तिकिटं, विमा, औषधं तुम्ही घेणारच, त्यावर शब्द खर्च करत नाही. मला सांगायचंय ते कार्डांचं. मागच्या खेपेला रात्री साडेबाराला बँकॉकच्या हॉटेलात काउंटरवर उभा होतो. खात्यात पैसे, खिशात दोन कार्डं, आणि मशीन दोन्ही नाकारत होतं. दोन्हींचा परदेशी वापर बंद होता.

तेव्हा पहिलं काम हेच: बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू मिळतं, बाकीचं आपण चालू करायचं. कार्डावर ‘इंटरनॅशनल’ छापलंय म्हणजे चालेल, असं मी धरून चाललो होतो. नाही चालत. शिवाय एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप यांची बटणं वेगवेगळी असतात. एक दाबून खूश होऊ नका. खाली मर्यादेचा आकडाही बघा, तिथे शून्य असेल तर बटण चालू असून उपयोग नाही.

‘तिथे पोचल्यावर करू’ तर अजिबात म्हणू नका. मी म्हटलं होतं. विमानतळावर तिथलं सिम घातलं, आपलं काढून पाकिटात ठेवलं. ॲपला नोंदवलेलं सिम दिसेना, त्यामुळे ते उघडेना. आपलं सिम परत घातलं, तर रोमिंग घेतलेलं नव्हतं, मग ओटीपी कुठून येणार? शेवटी साडूंनी हॉटेलची अनामत भरली. अजून प्रत्येक लग्नकार्यात ते हे चारचौघांत सांगतात. म्हणून रोमिंगही इथूनच चालू करा.

कार्डं दोन घ्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. हॉटेलची अनामत क्रेडिट कार्डावर द्या. डेबिटवर दिली तर तेवढे खरे पैसे खात्यात अडकून बसतात. मशीनने ‘रुपये की बाट (तिथलं चलन)’ विचारलं की बाट म्हणा. रुपये म्हटलं की दर मशीनवाले ठरवतात, आणि तो आपल्या सोयीचा नसतो. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्तही लावतात, त्यामुळे हजार-हजार काढत बसू नका, एकदाच काय ते काढा. वर आपली बँक चलनबदलाचे टक्के लावते आणि त्यावर जीएसटी, तेही धरा.

बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून घ्या. १८०० वाले नंबर बाहेरून बहुधा लागत नाहीत. कार्ड हरवलं तर आधी ब्लॉक, मग शोधाशोध. पुष्कळ परदेशी साइट ओटीपी मागतच नाहीत, त्यामुळे ऑनलाइनची मर्यादा कमीच ठेवा. पिन झाकून दाबा, हे काय सांगायचं.

आदल्या रात्री बॅगा भरून झाल्या की ॲप पुन्हा उघडा. परदेशी वापर चालू आहे? दोन्ही कार्डांचा? बायकोच्या कार्डाचा? परत बघा.

आल्यावर बटणं बंद, महिनाभर स्टेटमेंटवर नजर. अनामत सुटायला काही दिवस लागतात, दुसऱ्याच दिवशी बँकेला फोन लावू नका.