हुगळीकाठावर बसून हावडा रेखाटताना

कोलकात्याच्या आर्मेनियन घाटावर चित्रवही उघडली की नजर थेट हावडा पुलाकडे जाते आणि चित्र बहुधा तिथेच फसते. पहिली रेषा पाण्याची ओढावी. हुगळीला येथे भरती-ओहोटी असते. ओहोटी लागली की घाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि तरंगत्या धक्क्यावर उतरणारी वाट चांगलीच उतरती होते. म्हणून पाण्याची रेषा सुरुवातीलाच पक्की करून तिच्याशेजारी वेळ टिपून ठेवावी, आणि पुढे पाणी कितीही हलले तरी ती बदलू नये.

हावडा पश्चिम तीरावर असल्याने सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येते आणि स्टेशनाच्या लाल इमारतीच्या खिडक्यादेखील मोजता येतात. संध्याकाळी तोच काठ एका सलग काळ्या पट्ट्यात मिटतो. शाईकामासाठी मला संध्याकाळच बरी वाटते. सकाळी तपशिलांचा मोह आवरत नाही.

मग पूल. १९४३ साली खुल्या झालेल्या या पुलाच्या दोन मनोऱ्यांमध्ये सुमारे ४५७ मीटर अंतर आहे, म्हणजे मनोऱ्याच्या उंचीच्या पाचपटींहून अधिक; मात्र घाटावरून पूल तिरका दिसत असल्यामुळे ते बरेच आखडते, तेव्हा आकड्यावर न विसंबता हात ताठ धरून पेन्सिलीने माप घ्यावे. नदीच्या पात्रात या पुलाला एकही खांब नाही, तरी सवयीने हात मध्येच एक खांब काढून मोकळा होतो! पोलादी कैच्या, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची जाळी, फक्त जवळच्या मनोऱ्यावर स्पष्ट काढाव्यात. पलीकडच्या मनोऱ्याला पातळ शाईचा एक हात पुरतो.

धुरांडी हवी असतील, तर नदीच्या वरच्या अंगाला रिश्र्याकडे जावे, जेथे १८५५ साली देशातली पहिली ताग गिरणी निघाली. धुरांडे वर निमुळते होत जाते, त्यामुळे त्याच्या दोन्ही कडा समांतर ओढल्या की ते नळकांडे दिसू लागते.

पाणी गढूळ असल्याने प्रतिबिंब आरशासारखे स्वच्छ काढू नये. मनोऱ्याखाली आडवे, तुटक फटकारे मारावेत आणि लाँच गेल्यावर उठलेल्या लाटेची पट्टी कोऱ्या कागदाचीच राहू द्यावी.