ॲनिमोनीला टँकमध्ये बसवायचं कसं, आणि ती फिरायला लागली तर काय

ॲनिमोनी, म्हणजे पायाने दगडाला धरून बसणारा समुद्री प्राणी, घेतली की पहिल्या रात्री बहुतेकांकडे हेच होतं, सोडली एका दगडावर आणि सकाळी सापडते मागच्या काचेच्या कोपऱ्यात, नाहीतर दगडाखाली, नाहीतर वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) जाळीत. मग लोक हात घालतात, तिला उचलून परत जागेवर ठेवतात, ती परत निघते, हे परत उचलतात, आणि या ओढाताणीत तिचा पाय फाटतो. कोरल (प्रवाळ) असेल तर ग्लूने चिकटवला की विषय संपला, ॲनिमोनीचं तसं नाही, ती चालते. कुठे बसायचं ते तीच ठरवणार. आपलं काम एवढंच की तिला पटेल अशी जागा टँकमध्ये असली पाहिजे, आणि तिथपर्यंत जाताना ती कापली जाता कामा नये.

टँक नवीन असेल तर आधी थांबा. सायकल झाली, म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू टँकमध्ये तयार झाले, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, एवढ्यावर मासे राहतील पण ॲनिमोनी नाही. निदान सहा महिने नीट चाललेला टँक पाहिजे, वर्ष झालं असेल तर फारच छान. नवीन टँकमध्ये सॅलिनिटी (खारेपणा) आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद) सारखी वर-खाली होत असते, आणि आकडा जरासा इकडे तिकडे असण्यापेक्षा तो रोज हलत राहणं तिला जास्त भोवतं. आकडेच हवे असतील तर तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस, सॅलिनिटी ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, नायट्रेट १० पीपीएमच्या आतबाहेर. नायट्रेट अगदी शून्यावर आणायच्या मागे लागू नका, तिला थोडं खाद्य पाण्यात लागतंच. पाणी उडून जातं तेवढं आरओडीआय (क्षार काढलेलं शुद्ध) पाणी रोज भरायचं, ऑटो टॉप-ऑफ (आपोआप पाणी भरणारं यंत्र) लावलात तर डोक्याला ताप कमी. आणि हो, टँकमध्ये पूर्वी कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर तिथे ॲनिमोनीचा विचारच नको, तांबं दगडात आणि सिलिकॉनमध्ये मुरून बसतं.

स्थिर पाण्याला किती किंमत आहे त्याचं एक उदाहरण सांगतो. जॉन डॅलियल नावाच्या स्कॉटिश निसर्ग अभ्यासकाने १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक ॲनिमोनी उचलून आणली आणि ती काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगली. ते स्वतः १८५१ मध्ये गेले, त्यांच्यानंतर दुसऱ्यांनी ती सांभाळली, लोक तिला ग्रॅनी म्हणायचे. स्किमर (पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नाही, एलईडी नाही, नियमाने बदललेलं समुद्राचं पाणी, बस. ती थंड पाण्यातली जात होती आणि तिला लाइट लागत नव्हता हे खरं, आपल्या रीफमधल्या जातींना लागतो, पण मुद्दा कळला असेल.

आता जात कुठली घ्यायची. पहिलीच असेल तर बबल टिप, दुसरं नाव घेऊच नका. ती दगडाच्या फटीत पाय रोवते आणि बाकीच्यांच्या मानाने चुका पोटात घालते. लाँग टेंटॅकल आणि हॅडोनी कार्पेट या वाळूतल्या, त्यांना पाय खाली पुरायला खोल वाळू लागते, निदान १० सेंटिमीटर तरी. दोन सेंटिमीटर वाळूच्या टँकमध्ये लाँग टेंटॅकल सोडून ती फिरते म्हणून तक्रार करण्यात काही अर्थ नाही. मॅग्निफिका दिसायला राणी आहे पण तिला जोरदार लाइट आणि जोरदार फ्लो (पाण्याचा प्रवाह) दोन्ही लागतात, टँकमधल्या सगळ्यात उंच जागेवर चढून बसते, आणि आणतानाच बरेचदा अर्धमेली असते, नवशिक्यांनी लांबूनच बघावी. कार्पेट जाती मासे पकडून खातात हेही लक्षात असू द्या, संथ पोहणारे मँडरिन किंवा सीहॉर्स असतील तर नकोच.

घेताना तिचं तोंड बघा. तोंड घट्ट मिटलेलं पाहिजे, लोंबणारं किंवा आ वासलेलं नको. टेंटॅकलला (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या सोंडांना) काही लागलं की ते चिकटलं पाहिजे. ती कशाला तरी धरून बसलेली असावी, तळाशी लोळत पडलेली नको, आणि पायाला चीर नको. पांढरीशुभ्र ॲनिमोनी सुंदर दिसते म्हणून भुलू नका, ती बहुतेक वेळा ब्लीच झालेली असते, म्हणजे तिच्या अंगातलं शेवाळ, जे लाइटवर तिचं जेवण बनवतं, ते निघून गेलेलं असतं. भडक पिवळी किंवा जांभळी दिसली तर रंगवलेली असण्याची शक्यता धरा. जमलं तर ज्याच्या टँकमध्ये ती फुटून दोन झाल्यात अशा माणसाकडून घ्या, टँकमध्ये वाढलेली बबल टिप समुद्रातून आणलेलीपेक्षा कितीतरी लवकर रुळते.

ती घरी यायच्या आधी पंप झाका. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच नंतर करू म्हणतात. वेव्हमेकरवर स्पंजचं किंवा बारीक जाळीचं कव्हर, ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर जायच्या खाचेच्या) दातांवर जाळी, हीटर डिस्प्लेमध्ये असेल तर त्याला प्लास्टिकचा गार्ड, नाहीतर संपमध्ये (टँकखालच्या दुसऱ्या टाकीत) टाका, कारण हीटरवर बसून भाजलेल्या ॲनिमोनी पण असतात. पंपात एक ॲनिमोनी चिरली गेली की तिचे तुकडे आणि विष सगळ्या टँकभर फिरतं आणि मासेसुद्धा जातात. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा, तुंबला तर फ्लो बसतो.

मग जागा. बबल टिपला पाय अंधारात आणि डोकं उजेडात पाहिजे, एवढं एक वाक्य धरून चाला. म्हणजे दगडात अंगठा जाईल एवढं खोल भोक किंवा दोन दगडांमधली फट, वरून लाइट पडणारी, टँकच्या मधल्या उंचीवर किंवा थोडी वर. पार मीटर (लाइट मोजायचं यंत्र) मिळाला तर १५० ते २५० च्या दरम्यान रीडिंग आलं की झालं. फ्लो मध्यम आणि फिरता, टेंटॅकल डुलले पाहिजेत, एका बाजूला आडवे पडले नाही पाहिजेत. शक्य असेल तर हा दगड बाकी रचनेपासून वेगळा ठेवा, चारी बाजूंनी वाळू. बबल टिपला उघडी वाळू ओलांडायला फारसं आवडत नाही, तिने ठरवलंच तर ओलांडते, पण निदान शेजारच्या कोरलपर्यंत सहज पोचत नाही. तिचा डंख कोरलला जाळतो, म्हणून पूर्ण फुगल्यावर ती जेवढी होईल त्याच्या पलीकडे अजून वितभर जागा मोकळी सोडा.

आणायचा दिवस सुट्टीचा निवडा, सकाळी. रात्री सोडून झोपायला जाण्यापेक्षा दिवसभर येता-जाता नजर ठेवता येते. पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, मग बादलीत काढून तासभर ड्रिप करा, म्हणजे टँकचं पाणी त्यात थेंब थेंब सोडा, दोन्हीकडची सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटरने मोजा आणि सारखी होईपर्यंत घाई नको. प्रवास खूप लांबचा असेल आणि पिशवीतलं पाणी घाण झालं असेल तर मात्र तासभर त्यातच ठेवू नका, थोडक्यात आटपा. पिशवीला चिकटली असेल तर ओढायची नाही, बाहेरून प्लास्टिकवर अंगठ्याने हळूहळू चोळत आणा, कडेपासून सुटत जाते. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. लाइट त्या दिवशी निम्म्यावर ठेवा आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

सोडताना सगळे पंप बंद, हातात ग्लोव्हज, नंतर डोळ्याला हात लावायचा नाही. पाय भोकाच्या तोंडाशी टेकवा आणि धरून राहा, दाबू नका. सुरुवातीला ती अगदी आवळून गोळा झालेली असते, टेंटॅकलचे नुसते टोकं दिसतात. मग पायाची कड बघत राहा, ती पातळ होते, जवळजवळ आरपार दिसेल इतकी, आणि दगडाच्या खडबडीत भागावर पसरायला लागते. आता बाजूचं पाणी हाताने जरा हलवा. अंग हललं पण पाय जागचा हलला नाही, तर धरलंय. कधी पाच मिनिटांत होतं, कधी अर्धा तास लागतो. त्यानंतर फ्लो एकदम कमीवर सुरू करा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवा.

धरतच नसेल, सारखी लोळत असेल, तर एक युक्ती आहे आणि माझ्या मते ती पहिल्यापासूनच वापरावी. भोकं असलेला प्लास्टिकचा छोटा डबा किंवा ब्रीडर बॉक्स घ्या, तळाला लाइव्ह रॉकचे (जीवाणू वसलेल्या समुद्री दगडाचे) मुठीएवढे तुकडे टाका, त्यात तिला ठेवा आणि डबा लाइटच्या खाली पण थेट फ्लोच्या बाहेर लावा. एक-दोन दिवसांत ती एखादा तुकडा धरते. मग तुकड्यासकट तिला उचलून ठरवलेल्या फटीत ठेवायचं, तिच्या अंगाला हात लावायचाच नाही. नंतर पटलं तर ती तुकड्यावरून उतरून फटीत जाते, नाही पटलं तर तुकड्यावरच राहते, आपल्याला दोन्ही चालतं.

आता फिरण्याचं. पहिले चार-पाच दिवस, कधी आठवडा, ती फिरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काय बघायचं तर दिशा. काचेवरून सरळ वर वर जातेय तर तिला लाइट कमी पडतोय. दगडाखाली घुसून बसलीय तर लाइट एकदम जास्त झालाय किंवा प्रवासाचा ताण आहे, लाइट थोडा कमी करा आणि दोन-तीन दिवस द्या. एका बाजूने सारखी पळतेय तर त्या बाजूचा फ्लो बघा. दोन आठवडे झाले तरी रोज नवीन ठिकाणी, तर पाणी तपासा, आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट केलाय का ते पण तपासा, बरेचदा दोष तिथेच असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान तीन दिवस थांबा, नाहीतर लाइट पण बदलला, फ्लो पण बदलला, दगड पण हलवला आणि ती परत निघाली, मग कारण काय ते कळणार कसं. एकदा बसल्यावर महिनोन्महिने जागा सोडत नाही, आणि तुम्ही दगडांची रचना बदललीत की दुसऱ्या दिवशी चालायला लागते.

अगदीच पंपाजवळ किंवा चुकीच्या जागी बसली आणि हलवणं भागच आहे, तर काचेवरून सोडवणं त्यातल्या त्यात सोपं. पातळ प्लास्टिकचं कार्ड किंवा बोटाचं मांस, नख नव्हे, पायाच्या कडेखाली हळूच सरकवत न्यायचं, घाई केली तर पाय फाटतो आणि फाटलेला पाय म्हणजे बहुतेक शेवटच. दगडाच्या फटीत असेल तर हात घालूच नका. दगडाच्या मागून पायाजवळ बर्फाचा खडा पिशवीत घालून धरायचा, गार लागलं की ती बरेचदा स्वतःच सोडते. नाहीतर तो दगडच उचला.

ती अधूनमधून आक्रसून सुकलेल्या फळासारखी होते, तोंडातून तपकिरी दोरे सोडते, आणि काही तासांनी परत फुगते. हे तिचं शौचाला जाणं आहे, लगेच मेली म्हणून पोस्ट टाकू नका. काळजी कधी करायची, तर दिवसेंदिवस आक्रसलेलीच राहिली, तोंड उघडं पडून आतला भाग बाहेर आला, पायाने काहीच धरलं नाही. अंग विरघळून धागे सुटायला लागले आणि बाहेर काढल्यावर कुजका वास आला तर गेलीच, तासभरही आत ठेवू नका, काढा, पाणी बदला, ताजा कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) लावा.

खायला पहिला आठवडा काही द्यायचं नाही. नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) किंवा कोळंबीचा नखाएवढा तुकडा, टेंटॅकलवर हलकेच सोडायचा. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी ओकून टाकते आणि पाणी खराब. मुख्य जेवण तिचं लाइटवरच चालतं, पण ब्लीच झालेली असेल तर मात्र थोडं थोडं आणि जास्त वेळा द्या.

आणि क्लाऊनफिश, ॲनिमोनीत राहणारे मासे. सगळे ॲनिमोनी त्यांच्यासाठीच आणतात आणि तेच तिला बसू देत नाहीत. नवीन, जेमतेम पाय टेकलेल्या ॲनिमोनीत जोडी घुसून लोळायला लागली की ती वैतागून उठते, मरून क्लाऊनसारखे दांडगे असतील तर विचारूच नका. म्हणून आठ-दहा दिवस क्लाऊन ब्रीडर बॉक्समध्ये किंवा मधे जाळी लावून वेगळे ठेवा. मरून आणि टोमॅटो क्लाऊन समुद्रातही बबल टिपमध्ये राहतात, ते लगेच जातात. ऑसेलारिस क्लाऊनचं निसर्गातलं घर मॅग्निफिका आणि कार्पेट जाती, तरी टँकमध्ये ते बबल टिप स्वीकारतात, कधी एका तासात, कधी वर्ष लावतात, कधी पॉवरहेडच्या (टँकमधल्या पंपाच्या) वायरमध्येच झोपतात. जबरदस्ती करता येत नाही. ॲनिमोनीला क्लाऊन लागतातच असंही नाही, एकटी मजेत राहते.

बसल्यावर काही महिन्यांनी एखाद्या सकाळी ती लांबट ताणलेली आणि मधून चिरत चाललेली दिसली तर हात लावू नका, फुटतेय. दोन्ही भागांना तोंडाचा अर्धा अर्धा तुकडा येतो आणि जखम भरायला काही दिवस जातात, तोपर्यंत खायला देऊ नका. एकाच ॲनिमोनीतून फुटलेल्या दोघी शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत, वेगळ्या जातीची मात्र त्याच टँकमध्ये आणू नका. फुटल्यावर दोघींपैकी एक तरी बहुतेक जागा शोधायला निघतेच, त्यामुळे पंपावरचा स्पंज काढायचा नाही.