आधी पट्टी विचारा : फारसं न ऐकलेलं बरोक वाजवायला निघताना

उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावच्या चर्चमध्ये आमचा कार्यक्रम होता. सगळे सतराव्या शतकातले, बरोक काळातले संगीतकार: बीबरची एक पार्तिया (छोट्या तुकड्यांची माळ), बुक्स्टेहुडची एक सोनाटा, एर्लेबाखची एक, शेवटी रोझनम्युलर. दोन व्हायोलिन, एक व्हिओला दा गांबा (गुडघ्यांत धरून गजानं वाजवायची), एक थिऑर्बो (लांब मानेचं, छेडून वाजवायचं), आणि ऑर्गन चर्चचाच. दुपारी तीनला पोचलो. ऑर्गन वाजवणाऱ्या मैत्रिणीनं त्या पेटीवजा छोट्या ऑर्गनचं झाकण उघडलं, ए हा स्वर दाबला, आणि आम्ही पाचही जण गप्प झालो. ऑर्गनचा ए 440 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांना होता. आमची सगळी वाद्यं 415ला. मधे पुरता अर्धा स्वर.

पट्टी विचारायची राहिली होती. ते काम माझं होतं.

पुण्यात लहानपणी आमच्या घरी बैठका व्हायच्या. तबलजींचा फोन आला की नमस्कार-चमत्काराच्या आधी त्यांचा प्रश्न असायचा, "पट्टी कुठली?" काळी एक की पांढरी चार, त्यावर पिशवीत कुठला तबला घालायचा ते ठरायचं. हे ऐकत मोठी झालेली मी युरोपात पंधरा वर्षं जुनी वाद्यं वाजवते आहे, आणि नेमका तोच प्रश्न विचारला नाही. म्हणून ही यादी. बाकी काही विसरलात तरी चालेल. हे एक विसरू नका.

थोडं समजावून सांगते. सतराव्या शतकात सगळीकडे एकच ए नव्हता, गावागणिक आणि चर्चागणिक तो बदलायचा. उत्तर जर्मनीतले ऑर्गन बरेचदा आजच्यापेक्षा चढे, 465च्या आसपास. फ्रेंच दरबारातलं संगीत उतरं, 392च्या जवळ. आज आम्ही मंडळी सोयीसाठी बहुतेक वेळा 415 धरतो. आपल्या पेटीवर सांगायचं तर पांढरी सहाच्या जागी काळी चार. 465 म्हणजे जवळपास काळी पाच. तेव्हा "आमच्याकडे ऑर्गन आहे" या वाक्याला काहीही अर्थ नाही. "ऐतिहासिक पद्धतीचा आहे" यालाही नाही. आकडा हवा.

तर कार्यक्रम ठरल्या दिवशी, रचना ठरवण्याच्याही आधी, लिहून विचारा. ए किती हर्ट्झ? पट्टी सरकवता येते का? टेंपरामेंट कुठलं, म्हणजे सप्तकातले स्वर एकमेकांपासून किती अंतरावर लावलेत? शेवटचा कधी लावला, आणि तेव्हा चर्चमध्ये तापमान किती होतं? कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाला यातलं बहुधा काही ठाऊक नसतं आणि तो चांगुलपणानं "हो हो, सगळं ठीक आहे" म्हणतो. मला तेच उत्तर आलं होतं आणि मी ते धरून चालले. त्याला विचारून थांबू नका. चर्चच्या ऑर्गनवादकाचा नंबर घ्या, त्याला ए दाबून फोनवर दहा सेकंद रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, आणि ट्यूनरवर स्वतः मोजा.

आता रचना. बाख, हेंडेल, विवाल्डी यांची छापील पुस्तकं दुकानात मिळतात. बीबर, बुक्स्टेहुड अशा कमी ऐकलेल्यांची नोटेशन्स शोधावी लागतात आणि शोधायचा वेळ धरावा लागतो. बुक्स्टेहुडसाठी उप्सालाच्या विद्यापीठ ग्रंथालयातला ड्यूबेन संग्रह बघा. स्टॉकहोमच्या दरबारी संगीतप्रमुखांच्या घराण्यानं जमवलेली हस्तलिखितं 1732 साली तिथं आली, आणि आज त्यांची छायाचित्रं घरबसल्या फुकट बघता येतात. एर्लेबाखच्या सहा सोनाटा 1694 साली न्यूर्नबर्गला छापल्या गेल्या म्हणून राहिल्या. रुडोलश्टाटच्या राजवाड्याला 1735 साली आग लागली, त्यात त्याचं बाकीचं बहुतेक लिखाण जळून गेलं. हे माहीत असलं की त्या सहांपैकी एक वाजवताना हात आपोआप जपून पडतो. रोझनम्युलरच्या बारा सोनाटा 1682च्या, त्याही न्यूर्नबर्गच्याच.

या जुन्या छापील प्रती म्हणजे प्रत्येक वाद्याची सुटी वही असते. सगळ्यांचं एकत्र दिसेल असं पान नसतं. ते तुम्ही बनवा, हातानं किंवा संगणकावर, पण बनवा. बनवताना छपाईतल्या चुका सापडतात: टिंब गळलेलं, बासवरचा आकडा (खालच्या स्वरावर कुठले स्वर भरायचे ते सांगणारा) एक घर सरकलेला, विरामाचं एक माप कमी. तालमीत सापडली तर एकेक चूक वीस मिनिटं खाते. कंटिन्युओवाल्यांना, म्हणजे बासवरून साथ भरणाऱ्या ऑर्गन-थिऑर्बोवाल्यांना, बासवर आकडे लिहून द्या. काही वह्यांत ते जवळजवळ नसतातच.

बीबर घेणार असाल तर आणखी एक. 1696च्या त्याच्या सात पार्तियांपैकी फक्त सहावीत व्हायोलिन नेहमीसारखी लावलेली असते. पहिलीत दोन्ही व्हायोलिन खालून ए-ई-ए-डी अशा लावायच्या (एरवी जी-डी-ए-ई). कागदावर मात्र तुमची बोटं नेहमीच्या जागी पडावीत असं लिहिलेलं असतं, त्यामुळे लिहिलेला स्वर एक आणि कानावर येणारा दुसरा. ऑर्गनवाल्याला तुमची वही तशीच देऊ नका. ऐकू येणारे स्वर वेगळे लिहून द्या.

पट्टीची चूक सगळ्यात जास्त महाग पडते ती याच रचनेत. ए-ई-ए-डी लावताना खालच्या दोन्ही तारा आधीच एकेक पूर्ण स्वर वर चढवलेल्या असतात. त्या दुपारी आम्ही त्यांवर आणखी अर्धा स्वर चढवायला गेलो. साडेतीनला माझी खालून दुसरी तार घोडीपाशी तुटली. आतड्याची तार ती; आधी एक बारीक केस उभा राहिलेला दिसला, मग आवाज. चारला गांबाची सगळ्यात वरची तार गेली. थिऑर्बोवाल्यानं स्वतःच्या चौदा तारांकडे बघितलं आणि मान हलवून नकार दिला. त्याचं बरोबर होतं. ऑर्गनवाली म्हणाली, मी अर्धा स्वर खाली वाजवते. ती उत्तम वाजवते, पण डी मायनर वाजवायला तिला सी शार्प मायनरमध्ये उतरावं लागत होतं, आणि तो ऑर्गन ज्या टेंपरामेंटमध्ये लावलेला होता त्यात ते स्वर ऐकवत नव्हते. शेवटी पुन्हा 415ला उतरलो. ऑर्गन बंद, बीबर रद्द, आणि थिऑर्बोनं एकट्यानं सगळा भार उचलला. पहिल्या रांगेत एक आजोबा छापील पत्रिकेतल्या बीबरच्या नावावर बोट ठेवून बसले होते. मी उठून बदल सांगितला तेव्हा त्यांनी ते बोट सावकाश उचललं. सहा आठवडे घासलेली रचना त्या गावानं ऐकलीच नाही.

म्हणून विचारा. दोन आठवडे आधी पुन्हा विचारा, कारण मधल्या काळात तो छोटा ऑर्गन दुसऱ्या कुणी नेऊन त्या जागी दुसरा ठेवलेला असू शकतो.

हार्पसिकॉर्ड भाड्यानं आणणार असाल तर पट्टीचा प्रश्न सुटला असं समजू नका. बऱ्याच हार्पसिकॉर्डना सरकणारा कीबोर्ड असतो. एक घर सरकवला की 415चा 440 होतो. सोय चांगली आहे, आणि खड्डाही तिथंच आहे. सतराव्या शतकाच्या संगीतासाठी आपण मीनटोन नावाचं टेंपरामेंट लावतो. त्यात मोठा गंधार शुद्ध येतो, तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार येतो तोच. तो कानात बसला की आजच्या पियानोवरचा गंधार चढा लागतो. पण त्या शुद्ध गंधाराची किंमत एका पंचमाला मोजावी लागते. जी शार्प ते ई फ्लॅट हा पंचम इतका बेसूर होतो की त्याला लांडगा म्हणतात. एरवी तो कोपऱ्यात पडून असतो, कुणी त्या वाटेला जात नाही. आता 415ला लावलेला कीबोर्ड 440वर सरकवा. कीबोर्डची प्रत्येक कळ आता शेजारची वरची तार वाजवते, त्यामुळे लांडगा जी ते डी या पंचमावर येऊन बसतो. व्हायोलिनच्या खालच्या दोन मोकळ्या तारा त्याच! कीबोर्ड सरकवायचा तर वाद्य पुन्हा पहिल्यापासून लावायचं, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्याकडे नसणार. म्हणजे पुन्हा तेच. कुठल्या पट्टीत वाजवायचं हे वाद्य गाडीतून उतरण्याआधी ठरलेलं असायला हवं.

गांबा आणि थिऑर्बोचे पडदे आतड्याचेच, बांधलेले असतात, सतारीसारखे सरकवता येतात. टेंपरामेंट आधी कळलं तर ते लोक घरूनच पडदे बसवून येतात. तालमीत त्यांना पडदे सरकवायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं.

तारा. जास्तीच्या घ्या, हे सांगायला नको. पण नव्या कोऱ्या घेऊ नका. आतड्याची नवी तार चढवली की दोन दिवस उतरत राहते. आधी वाद्यावर ताणून घेतलेली, पाकिटावर तारीख टाकलेली तार जवळ ठेवा. केस निघाला तर ओढू नका, नखं कापायच्या कटरनं मुळाशी कापा. स्टँड, पेन्सिल, राळ, काळे कपडे हे तुमचं तुम्ही बघा.

रचनांचा क्रम. ए-ई-ए-डी लावलेलं व्हायोलिन नेहमीच्या सुरात परत आणलं की पुढची पंधरा मिनिटं ते हळूहळू सरकत राहतं. तेव्हा एक तर बीबर मध्यांतराच्या अगदी आधी ठेवा, किंवा दुसरं व्हायोलिन आणा. मी दुसरं आणते. ते कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपासून ए-ई-ए-डीलाच लावून ठेवते, म्हणजे तारांना सवय होते. आणि हो, ते कुठल्या पट्टीत लावून ठेवायचं हे तेव्हा कळलेलं असायला हवं. कळतंय ना मी पुन्हा पुन्हा का सांगते आहे?

गांबावाल्याला बुक्स्टेहुडची वही सगळ्यांच्या आधी द्या. बुक्स्टेहुडच्या छापलेल्या दोन्ही संचांत, सात आणि सात अशा चौदा सोनाटांत, गांबा हा व्हायोलिनच्या तोडीचा स्वर आहे. "बासच तर आहे" म्हणून आदल्या दिवशी दिलेली वही मी पाहिली आहे, आणि त्याचा निकालही ऐकला आहे.

तापमान. 415 असं लेखी उत्तर आलं तरी काम संपत नाही. ऑर्गनच्या नळ्यांतली हवा थंड झाली की सूर उतरतो, एका अंशाला साधारण 3 सेंट (अर्ध्या स्वराचे 100 सेंट). ऑर्गन उन्हाळ्यात 20 अंशांना लावलेला असेल आणि फेब्रुवारीत चर्चमध्ये 10 अंश असतील तर 30 सेंट खाली, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळपास तिसरा हिस्सा. तुमचा ट्यूनर 415 दाखवतोय आणि ऑर्गन खाली आहे, तर ऑर्गन खरा. त्याला लावता येत नाही, तुम्हाला येतं. हीटर किती वाजता लावणार ते विचारा आणि कार्यक्रमाच्या मधे लावू देऊ नका. लोक आत आले की हवा गरम आणि दमट होते, तारा आपापल्या वाटेनं जातात. तेव्हा पहिल्या रचनेनंतर सावकाश सूर लावायला वेळ ठेवा आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. आपल्याकडे श्रोते तंबोरा लागेपर्यंत थांबतात, इथलेही थांबतात.

आदल्या दिवशी: फोन. पट्टी. पुन्हा. किल्ली कुणाकडे आहे तेही.

त्या दिवशी पोचलात की व्हायोलिनची पेटी उघडू नका. आधी ऑर्गनपाशी जा, ए दाबा, मोजा. मग बाकीचं. हार्पसिकॉर्ड असेल तर लावणाऱ्याला पाऊण तास शांतता द्या. त्या वेळात कुणी खुर्च्या ओढायच्या नाहीत, कुणी स्केल वाजवायच्या नाहीत. मग गांबा आणि थिऑर्बो, मग व्हायोलिन. पूर्ण तालीम करू नका, प्रत्येक रचनेची सुरुवात, शेवट आणि लय बदलते त्या जागा बघा. दिवे पानांवर पडताहेत का बघा. पत्रिकेत बीबरचं साल तपासा. खा काहीतरी. पाणी.

संपल्यावर ए-ई-ए-डीच्या तारा थोड्या सैल करा. ज्यानं दार उघडलं आणि खुर्च्या लावल्या त्याला भेटून या. आणि गाडीत बसण्याआधी वहीत त्या चर्चचं पान काढा: ऑर्गनचा ए, तापमान, टेंपरामेंट, ऑर्गनवादकाचा नंबर, थिऑर्बो दारातून कसा आत गेला.