पाणपोई लावताय? मायेला जाणतेपणाची जोड द्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण खान्देशी माणसं पितरांच्या नावानं घागर भरतो, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतो, हात जोडतो. त्याच दिवसांत जळगाव-भुसावळकडं पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या ओठांना साय धरलेली असते. त्याला पाणी द्यावं असं कुणालाही वाटतं. म्हणून चैत्रात जागोजागी पाणपोया लागतात. त्यातल्या बऱ्याच पाणपोयांवर झाकण तिरपं, पेला साखळीला, आणि माठात बुडवलेल्या हातांचा हिशेब नाही. तहान भागवून गेलेलं माणूस दोन दिवसांनी जुलाबानं आडवं पडतं. पाणी देणाऱ्याची माया खरीच होती, पण पाणी कसं सांभाळायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते इथं सांगतो.

जागा आधी, माठ नंतर

लोक जिथं आधीपासून थांबतात तिथं पाणपोई लावा: एस.टी.चा फाटा, आठवडे बाजाराचं तोंड, दवाखान्याबाहेरचा रस्ता, मजुरांचा नाका. चैत्रात सप्तशृंगी गडाकडं पायी निघालेले भाविक धुळे-मालेगावच्या बाजूनं जातात. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव असतो, तेव्हा त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस त्या वाटेवर पाणी सर्वांत जास्त लागतं.

माठ झाडाच्या किंवा भिंतीच्या पूर्वेला ठेवा. सकाळी तिथं थोडं ऊन येईल, पण दुपारी सूर्य पश्चिमेला कलला की सावली नेमकी माठावर आणि पिणाऱ्यावर पडेल. सकाळी सावली पाहून पश्चिमेला जागा धरली तर खरी गरज असते त्या तीन वाजता माठ उन्हात तापत बसतो. ही चूक फार होते.

घराच्या ओट्यावर, दाराच्या आत पाणपोई नको. सातपुड्यातून कामाला उतरलेली भिल्ल-पावरा कुटुंबं परक्याच्या दारात पाऊल टाकायला कचरतात. कुणाला न विचारता, कुणाची नजर न झेलता पाणी घेता आलं पाहिजे. फलकावर देणगीदाराच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत ‘पाणी’ लिहा, बाण काढा, आणि जमलं तर पेल्याचं चित्रही. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.

बाया प्रवासात मुद्दाम कमी पाणी पितात, कारण पुढं मुतारी कुठं मिळेल याचा भरवसा नसतो. त्यामुळं जवळचं स्वच्छ शौचालय कुठं आहे ते फलकावर लिहा. ही एक ओळ पाहून बाई पुरेसं पाणी पिते. आणि ओली बाळंतीण दिसली तर तिला आडोसा आणि बसायला जागा द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी पाजायचं नसतं. पाणी आईनं प्यायचं, बाळाला दूध.

किती पाणी लागेल

उन्हातून आलेलं माणूस साधारण अर्धा लिटर पितं. दोनशे माणसं धरली तर शंभर लिटर. त्यात बाटल्या भरून नेणारे धरा, धुण्याचं धरा, म्हणजे दीडशे ते दोनशे लिटर रोज. बाजाराच्या दिवशी आणि लग्नतिथीला याच्या दुप्पट. हे पाणी रोज कोण आणणार, कुठून आणणार, हे माठ विकत घेण्याआधी ठरवा. गावाला टँकरनं पाणी येत असेल तर गावाच्या वाट्यातून परस्पर उचलू नका. ग्रामपंचायतीला विचारा, नाहीतर ज्याच्या विहिरीला पाणी टिकून आहे त्याला गाठा. शेजारणीच्या हंड्यातून काढलेल्या पाण्यावर वाटसरूची तहान भागवू नये.

माठ

माठाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. खान्देशातला उन्हाळा कोरडा, त्यामुळं आपल्याकडं माठ फार छान गार होतो. पण त्याला वारा हवा. माठ कोपऱ्यात दाबून ठेवला, त्याला प्लॅस्टिक गुंडाळलं किंवा शोभेसाठी तेलरंग दिला तर छिद्रं बुजतात आणि पाणी कोमट राहतं. खाली ओल्या वाळूचा थर, भोवती ओलं गोणपाट, एवढा साज पुरे.

नवा माठ चोवीस तास पाण्यानं भरून ठेवा आणि ते पाणी झाडाला घाला. बोअरचं जड पाणी वापरलं की आठ-पंधरा दिवसांत बाहेरून पांढरा थर चढतो आणि माठ गार करेनासा होतो. काथ्यानं घासून तो काढा. साबण लावू नका, मातीत साबणाचा वास मुरतो आणि पुढचे कित्येक दिवस पाण्याला येतो.

आणि माठाला तोटी बसवूनच घ्या. सगळ्या उपायांत हा सर्वांत मोलाचा. पाणी नुसतं विहिरीतच बिघडतं असं नाही, हात आणि पेला आत बुडवण्यानंही बिघडतं. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, ते झाकणाबाहेर खिळ्याला टांगा आणि पाणी काढून द्यायला माणूस बसवा. साखळीचा एकच पेला काढून टाका. तोटीखाली ओंजळ धरता येते, स्वतःची बाटली भरता येते. पेले ठेवायचेच असतील तर दहा-बारा ठेवा आणि वापरलेला पेला धुऊनच परत मांडा.

पाणी देण्याची रीत सगळ्यांना एकच. एकाला पेला आणि दुसऱ्याला वरून ओंजळीत धार, हा भेद आपल्या समाजानं फार वर्षं पाळला. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याच अन्यायाविरुद्ध. तोटी असली की कुणाला कसं पाणी द्यायचं हा प्रश्नच उरत नाही, प्रत्येकजण आपल्या हातानं घेतो.

पाणी निर्धोक करणं

आधी स्वच्छ सुती कापड चौपदरी करून गाळा. पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार वेढे फिरवा, गाळ तळाशी बसू द्या, वरचं नितळ पाणी वेगळं करा. त्यानंतरच क्लोरीन. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते मातीशीच झगडण्यात खर्ची पडतं.

क्लोरीन माठात टाकू नका. आधी झाकणाच्या स्वच्छ ड्रममध्ये पाणी शुद्ध करा आणि मग माठात ओता. मातीच्या भांड्यात क्लोरीनचा जोर लवकर उतरतो. बाजारात मिळणारी ०.५ ग्रॅमची गोळी साधारणपणे २० लिटरसाठी असते. पण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, म्हणून पाकिटावर छापलेलं प्रमाण पाहूनच टाका. गोळी चुरून, ढवळून, निदान अर्धा तास थांबायचं. तासभर थांबलात तर उत्तम. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रमला अर्धा ग्रॅम, आणि अर्धा ग्रॅम घरच्या चमच्यानं मोजता येत नाही. चिमटीनं टाकलं की कधी पाणी उग्र होतं, कधी काहीच उपयोग होत नाही. लहान ड्रमला गोळी किंवा द्रव क्लोरीनच सोयीचं. पावडर वापरायचीच तर डबा घट्ट झाकलेला आणि थंड जागी हवा, उघड्या डब्यातली पावडर उन्हाळ्यात लवकर निकामी होते.

पाण्याला हलका औषधी वास येतो म्हणून लोक कुरकुरतील. ‘औषध टाकेल आहे, भाऊ’ एवढं सांगितलं की समजतात.

रोजचं काम

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत तहानलेल्यांना पाणी हे दुसरंच वाक्य आहे, आणि बाबांच्या हातात खराटा असायचा. पाणपोईचा दिवसही खराट्यानं सुरू करा. सकाळी उरलेलं पाणी झाडाला घालायचं, माठ आतून काथ्यानं घासायचा, विसळायचा, भरायचा, झाकायचा. अकराला आणि तीनला पातळी पाहायची. रात्री तोटी आणि झाकण धुवायचं. आठवड्यातून एक दिवस माठ पूर्ण कोरडा करून उन्हात पालथा घालायचा, म्हणून माठ दोन हवेत. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्याभरात त्याची पिलावळ उडायला लागते. कोरडा दिवस पाळला की ती साखळी तुटते.

तोटीखाली चिखल झाला की लोक यायचे बंद होतात. तिथं हात-दीड हात खोल खड्डा घेऊन विटांचे तुकडे आणि वर खडी भरा. सांडलेल्या पाण्याला उतार देऊन ते शेजारच्या कडुनिंबाला पोचवा, वाटेत एक उथळ दगडी कुंडी ठेवा. शेळ्या-कुत्री तिथं पितात. पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवाल तेव्हा त्यात मूठभर दगड टाका. बुडालेल्या मधमाश्या पाहिल्यात तर कारण कळेल. त्यांना टेकायला कोरडी जागा लागते. परळातलं पाणी रोज बदला.

उन्हानं घेरलेलं माणूस आलं तर

पाणपोईवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ हवं. माणूस घामाघूम आहे, चक्कर येतेय, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतंय, पण बोलतोय, तर त्याला सावलीत बसवा, चपला-पागोटं काढू द्या, घोट घोट पाणी द्या. ‘उन्हातून आला, लगेच पाणी नको’ म्हणून त्याला ताटकळत ठेवू नका. दोन मिनिटं टेकू द्या, गुळाचा खडा द्या आणि सावकाश प्यायला सांगा. बर्फाचं पाणी एकदम ढोसलं की उलटी होऊ शकते, म्हणून माठाचंच पाणी बरं.

फार घाम गेला असेल तर जलसंजीवनी (ओआरएस). पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाटच. मीठ अंदाजानं जास्त पडलं तर अपाय होतो. तयार पाणी त्याच दिवशी संपवा, उरलं तर ओतून द्या. साखरेचा, रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे असं कुणी सांगितलं तर साधं पाणी द्या आणि आग्रह करू नका. डॉक्टरांनी त्याचं पाणी मोजून दिलेलं असू शकतं. रोजा असलेल्यालाही आग्रह नको, सावलीत बसायला जागा द्या.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांडू लागला, बेशुद्ध पडला, अंग तापलेलं लागलं, तर तो उष्माघात आहे. एकानं १०८ ला फोन करायचा, दुसऱ्यानं तेवढ्यात अंगावर पाणी ओतायला सुरुवात करायची. कपडे सैल करा, ओली फडकी मान, काखा आणि जांघेत ठेवा, पुठ्ठ्यानं जोरात वारा घाला. गाडी येईपर्यंत थांबू नका. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. मायेपोटी लोक हीच चूक करतात. डोकं मांडीवर घेतात आणि तोंडाला पेला लावतात. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. तापाची गोळीही देऊ नका, हा ताप तिनं उतरत नाही. भोवती गर्दी झाली की वारा अडतो. चौघांना बाजूला करणं हेही उपचारातच येतं.

कुणी म्हातारी खिशातला कांदा काढून हुंगवायला पुढं येईल. तिच्यावर ओरडू नका. कांदा घ्या, आणि तिच्या हातात पुठ्ठा द्या वारा घालायला.

बोलणं

‘ले भाऊ, पानी पे’ एवढं पुरतं. कोण, कुठला, कुठं निघाला हे माणूस आपणहून सांगेल तर ऐकायचं. दारू प्यालेला आला तर त्यालाही पाणी, उपदेश नको. पाणी पिणाऱ्याचा फोटो काढू नका. ओंजळीत तोंड घातलेलं माणूस त्या क्षणी अगदी उघडं असतं, ते कुणाच्या मोबाईलवर फिरायला नको.

टिकवणं

पाणपोया पाडव्याला नारळ फोडून सुरू होतात आणि मे महिन्याच्या मध्यावर कोरड्या पडतात, जेव्हा त्यांची सर्वांत जास्त गरज असते. पैसे संपलेले नसतात, पाणी आणणारा थकलेला असतो. एका भल्या माणसाच्या खांद्यावर सगळं टाकलं की असंच होतं. सात घरं धरा, प्रत्येकाला एक वार, आणि एक आठवं घर राखीव. लग्नासाठी कुणी परगावी गेलं की राखीव घर उभं राहतं. आपला वार कोणता ते प्रत्येकानं ड्रमच्या झाकणाच्या आत खडूनं लिहून ठेवावं. रोज भरणाऱ्याच्या नजरेला ते पडतंच.

मृगाचा पाऊस झाला की विहिरींना गढूळ पाणी येतं आणि जुलाबाची साथ याच दिवसांत असते. नितळ पाण्याची खात्री देता येत नसेल तर पाणपोई त्या दिवशी बंद करा. आदल्या दिवशी फलकावर तसं लिहा, आणि जवळचा चालू नळ कुठं आहे तेही. मग माठ घासून, दोन दिवस उन्हात वाळवून, पालथे घालून सावलीत ठेवा. खड्ड्यातली खडी काढून धुवा. तोट्या तेवढ्या घरात न्या.