हत्तीपाय असला तर रोज पाय कसा धुवायचा

हत्तीपायाचे जंत लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये राहतात, त्या खराब झाल्या की पायातलं पाणी वर सरकत नाही अन् जंतूंशी लढणाऱ्या पेशीही नीट काम करू शकत नाहीत, म्हणून साधी चीर पडली तरी ताप भरून पाय लालबुंद होतो. वावरातून आलं की साध्या पाण्यानं, अंगाच्या साबणानं हळू धुवा अन् बोटांच्या बेचक्यात सुती कपड्यानं टिपून पूर्ण कोरडं करा, खरं काम तिथंच आहे बरं, जंतू बहुतेक तिथूनच शिरतात. झोपताना पायाखाली उशी. ताप आला तर शेकू नका, सरळ पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जा. आशाताई हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन आल्या की जेवून, त्यांच्यासमोरच खा, गरोदर बाया, 2 वर्षांखालची लेकरं अन् खूप आजारी माणसं सोडून सगळ्यांनी.